रोग अवयवाचा की माणसाचा?

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याने एका राजबंद्याचे आंत्रपुच्छ कापून काढले. मध्येच वीज गेली, आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. हे राजबंदी म्हणजे महात्मा गांधी. १९०९ साली 'हिंद स्वराज्या'त डॉक्टरांवर व रुग्णालयांवर कठोर टीका करणाऱ्या गांधींनी या शस्त्रक्रियेस लेखी संमती दिली होती.

पुढे २२ वर्षांनी, मार्च १९४६ मध्ये, पुण्याच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवरील उरुळी कांचन येथे त्यांनीच निसर्गोपचार आश्रम स्थापिला. आरंभी पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयातच गरिबांवर उपचार करावेत असा विचार होता. परंतु खेड्यातील दरिद्री रोगी शहरात यावयाचा कसा, हे ध्यानी येताच तो बेत सुटला.

या उपचारामागील दृष्टी अशी : शरीर म्हणजे सुट्या भागांची जुळणी नव्हे. आहार, निद्रा, मन, घर, पाणी यांचा मेळ बिघडला म्हणजे रोग उद्भवतो. सबब केवळ दुखऱ्या अवयवावर इलाज करणे अपुरे होय. सुश्रुतसंहितेनेही निरोगी माणसाच्या लक्षणांत मनाची व इंद्रियांची प्रसन्नता धरली आहे. पाश्चात्त्य भाषांत या विचारास 'होलिझम' हे नाव १९२६ साली यान स्मट्स यांनी दिले. गंमत अशी की, दक्षिण आफ्रिकेत गांधींना तुरुंगात धाडणारे ते हेच स्मट्स!

ही दृष्टी जेथे औषधाची जागा घेऊ पाहते, तेथे ती घातक ठरते. सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याच्या बेतात असता मातीची पट्टी कामाची नाही. क्षयाचे जंतू तर उपवासाने मुळीच मरत नाहीत. तथापि कॉखने १८८२ साली दाखविलेला हा जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो, त्यांच्यापैकी दहांतील सुमारे नऊ जणांना रोग कधीच होत नाही. मग उरलेल्या एकालाच तो का होतो? वय, मधुमेह, अन्य व्याधी अशी अनेक कारणे आहेत. आपल्या देशात त्यांतील एक मोठे कारण म्हणजे उपासमार.

उरुळी कांचनला राहिलेल्या मणिभाई देसाईंचा मार्ग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. रोग्यांची सेवा करता करता ते शेतीकडे व गाईंकडे वळले, आणि १९६७ साली त्यांनी पशुसंवर्धनासाठी स्वतंत्र संस्थाच उभारली. उपचारगृहातून गोठ्याकडे जाणे काहींना विषयांतर वाटेल; आम्हांस तसे वाटत नाही.

झारखंडात २०१९ पासून झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांना औषधे व शिधा दोन्ही गटांत मिळत होती. एका गटात मात्र त्यांच्या घरच्या माणसांनाही दरमहा धान्य व डाळ पुरविण्यात आली. त्या घरांतून नव्याने क्षय जडण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले.