तांबड्या कोशिकांतील ग्लुकोज-विघटन

रक्तातील तांबड्या कोशिका ज्या विक्रियांच्या मालिकांद्वारे ग्लुकोजापासून ऊर्जा व ऑक्सिडीकरणापासून संरक्षण मिळवितात, त्या मालिकांना ही संज्ञा देतात.

शरीरातील बहुतेक कोशिकांत ग्लुकोजाचे प्रथम पायरुव्हिक अम्लात रूपांतर होते व पुढे तंतुकणिकांत ऑक्सिजनाच्या साहाय्याने त्याचे पूर्ण विघटन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी तयार होतात. परिपक्व तांबड्या कोशिकेत तंतुकणिका नसतात. त्यामुळे ऑक्सिजन वाहून नेणारी ही कोशिका स्वतःच्या ऊर्जेसाठी त्याचा उपयोग करू शकत नाही. तीत ग्लुकोजाच्या एका रेणूपासून लॅक्टिक अम्लाचे २ रेणू बनतात व ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट या ऊर्जावाहक संयुगाच्या २ रेणूंचा निव्वळ लाभ होतो. कोशिकेतील सोडियम व पोटॅशियम यांचा समतोल आणि कोशिकेचा आकार राखण्यास ही ऊर्जा पुरते.

ग्लुकोजाचा लहानसा भाग पेंटोज फॉस्फेट मार्गाने जातो. त्यातील पहिली विक्रिया ग्लुकोज–६–फॉस्फेट डीहायड्रोजनेज (जी-६-पीडी) हे एंझाइम घडवून आणते. तीतून मिळणाऱ्या हायड्रोजनामुळे ग्लुटाथायोन क्षपित अवस्थेत राहते व हीमोग्लोबिनाचे ऑक्सिडीकारक द्रव्यांपासून रक्षण होते.

न्यूनता : या एंझाइमाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने न्यूनतेची लक्षणे मुख्यत्वे पुरुषांत आढळतात. एरवी अशी व्यक्ती निरोगी असते. परंतु प्रायमाक्वीन, नॅप्थॅलीन वा बाकल्याच्या बिया यांच्यामुळे तिच्या तांबड्या कोशिका झपाट्याने फुटून रक्तक्षय, कावीळ व गडद लघवी ही लक्षणे उद्‌भवतात. नवजात अर्भकांत तीव्र कावीळ होऊ शकते. प्रायमाक्वीनमुळे होणाऱ्या रक्तविलयनाचे मूळ या न्यूनतेत असल्याचे १९५६ मध्ये अमेरिकेत दाखविण्यात आले.

कल्याण प्रकार : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे ज्या लोहमार्गावर आहेत, त्यावरील कल्याण या प्रस्थानकाचे नाव या एंझाइमाच्या एका सदोष प्रकारास मिळाले आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात आढळलेल्या या प्रकारात प्रथिनाच्या ३१७ व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी लायसीन असते. केरळ या नावाने ज्ञात असलेल्या प्रकारातही हाच बदल असल्याचे १९९२ मध्ये सिद्ध झाले. भूमध्यसागरी व ओरिसा हे भारतात वारंवार आढळणारे अन्य प्रकार होत.

व्हायव्हॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात सुप्त राहून रोग पुन्हा उद्‌भवतो. ते नष्ट करण्यासाठी प्रायमाक्वीन द्यावे लागते. म्हणून हिवतापग्रस्त प्रदेशांत औषधापूर्वी या एंझाइमाची रक्तपरीक्षा महत्त्वाची ठरते. कोशिका फुटू लागल्यास औषध तत्काळ थांबवितात व आवश्यकतेनुसार रक्त देतात.