रात्र मोजणारं झाड

कोलंबियाच्या काउका प्रांतातलं तोरिबिओ. या गावाभोवतीच्या डोंगरांची रात्रीची छायाचित्रं पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपमाळा आठवल्या. अँडीजच्या काळ्या उतारांवर पिवळ्या दिव्यांच्या ओळीच ओळी. पण तिथे ना देऊळ, ना वस्ती. त्या दिव्यांखाली उभा आहे गांजा. विषुववृत्त तिथून जेमतेम तीन अंशांवर. मग उघड्या माळावरच्या पिकाला रात्रभर विजेचा उजेड कशासाठी?

हा प्रश्न मला नवा नव्हता. आई परसात अंबाडी लावायची. जूनमध्ये पेरलेली पुरुषभर वाढायची, उशिरा पेरलेली गुडघ्याशी थांबायची आणि फुलायच्या मात्र दोन्ही एकदमच. ‘तिला दिवस कळतात,’ असं आई म्हणायची. अंबाडीच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आहे, कारण तिची पानं गांजाच्या पानांसारखी दिसतात. नात्याने ती जास्वंदीची. त्या नावाचा माग काढत गेलो आणि एका फ्रेंच माणसापाशी येऊन थांबलो. गेली कित्येक वर्षं तो मनातून जात नाही.

ज्युलियँ तूर्न्वा. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमधला तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ. जपानी हॉपची वेल आणि तिच्याच कुळातला गांजा, म्हणजे युरोपात दोरखंडासाठी पिकणारा हेंप, या दोहोंत नर-मादी वेगळ्या झाडांवर कशी ठरतात, हा त्याचा अभ्यासविषय. फुलण्याच्या वेळेशी त्याला कर्तव्य नव्हतं. पण थंडीत काचघरात पेरलेली रोपं नीट उभी राहण्याआधीच फुलू लागली. दुसऱ्या कुणी ती रोगट म्हणून उपटून टाकली असती. तूर्न्वाने ऊब, पाणी, माती यांचे संशय एकेक करून बाजूला सारले, रोपांना दिवसातले मोजकेच तास उजेड दिला आणि १९१२ साली छापलं, की फुलणं उजेडाच्या तासांशी बांधलेलं आहे. १९१४ च्या प्रबंधात तो आणखी पुढे गेला: दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणं हेच खरं कारण असावं.

त्यानंतर महायुद्ध पेटलं आणि तूर्न्वा आघाडीवर मारला गेला. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हाच नियम विस्ताराने सिद्ध करून त्याला नाव दिलं. पाठ्यपुस्तकांत तेच दोघे आहेत. त्यांचं काम मोठं आहे, यात वाद नाही. पण रात्रीचा मुद्दा प्रयोगाने पक्का व्हायला १९३८ उजाडावं लागलं. हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वराच्या काटेरी तणावर दाखवलं, की लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला तरी फुलणं थांबतं. तूर्न्वाने अचूक बोट ठेवलेली गोष्ट चोवीस वर्षं तशीच पडून राहिली, याची मला आजही हळहळ वाटते.

आता विषुववृत्त. पॅरिसचा दिवस जूनमध्ये सोळा तासांचा असतो, डिसेंबरात सव्वाआठ तासांचा. पुण्यात हा फरक सव्वादोन तासांवर येतो. विषुववृत्तावर तो जवळजवळ नाहीसाच होतो. बाराही महिने दिवस बारा तासांच्या किंचित वर. उत्तरेकडच्या वाणाला ही रात्र रोजच लांब. बी उगवतं न उगवतं तोच त्याला शरद ऋतू आल्यासारखं वाटतं आणि हातभर रोप तुरे धरून मोकळं होतं. उष्ण कटिबंधात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली झाडं इतकी उतावीळ नसतात. बारा तासांची रात्र मिळूनही ती आधी उंच वाढतात, मग तीन-तीन महिने सावकाश फुलतात. त्यांची पानं अरुंद, तुरे विरळ, म्हणून दमट हवेतली बुरशी त्यांना सहजासहजी धरत नाही.

कोलंबियाकडे असे वाण होते. १९७० च्या दशकात सांता मार्ताच्या डोंगरांतून अमेरिकेला गेलेला सोनेरी गांजा त्यांतलाच. त्याला दिवे लागत नव्हते. काउकात आज पिकतो तो ‘क्रीपी’ नावाचा संकर: बुटका, घट्ट तुऱ्यांचा, लवकर हाती येणारा आणि जास्त नशेचा. बाजाराला हेच हवं होतं. आपल्याकडे देशी ज्वारी-भाताच्या वाणांचं जे झालं, तेच तिथल्या बियाण्याचं होत गेलं. कायदेशीर-बेकायदेशीरचा वाद मी इथे बाजूला ठेवतो. त्या मातीत घडलेलं बियाणं मागे पडलं, हे नुकसान दोन्ही बाजूंचं आहे.

म्हणून दिवे. रोप पुरेसं वाढेपर्यंत त्याला रात्र कळू द्यायची नाही, आणि मग एके संध्याकाळी दिवे बंद. त्याच देशात रिओनेग्रोचे फूलबागायतदार निर्यातीची शेवंती याच युक्तीने वेळेवर फुलवतात. आपल्याकडेही पॉलीहाऊसमधल्या शेवंतीवर रात्री दिवे जळतात. २०१६ मध्ये कोलंबियाने औषधी गांजाला कायद्याची वाट मोकळी केली, तेव्हा परवानाधारक बागांना ही विद्या बाहेरून आणावी लागली नाही. काउकाच्या उतारांवर मात्र वीज बहुतेक चोरीची, आकडे टाकून घेतलेली. भार वाढला की आजूबाजूच्या गावांचेही दिवे जातात.

आणि वीज काही रात्री सलग गेलीच, तर त्या डोंगरावरची कोवळी रोपंही तुरे धरू लागतात. तूर्न्वाच्या काचघरात हिवाळ्यात पेरलेल्या रोपांनी धरले होते, तसेच.