न विचारता चालणारे स्नायू

‘कला शाखेच्या मुलीने स्नायूंवर काय लिहावे?’ असे माझ्या मैत्रिणींनी हसत विचारले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. माझे विषय मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. पण एक प्रश्न माझ्या मनात सहावीपासून ठाण मांडून बसला आहे. त्याचे उत्तर शोधताना शरीरशास्त्राची पुस्तके चाळावी लागली, आणि जे हाती आले ते सांगावेसे वाटते.

2017 च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात ठेवावे लागले. माझे काका त्यांतून वाचले. पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढलेली, पंप पाठीवर, आणि औषधाचा तुषार वाऱ्याने उलटा अंगावर. (आपल्याकडे या विषाला ‘औषध’च म्हणतात, हेही एक नवलच!) दुपारी काका घरी आले ते घामाने निथळत. तोंडाला लाळ, पोटात कळ, छातीत घरघर. ‘मले अंधुक दिसून राह्यलं’ एवढेच म्हणाले आणि बाजेवर पडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट पाहिले नाही की आधी छातीला नळी लावली नाही. त्यांनी बॅटरी घेऊन काकांचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ‘बाटली आणली का?’ त्यांनी विचारले. बाटली आणली होती, पण तिच्यावरचा बारीक मजकूर आमच्या घरात कोणाला वाचता येत नव्हता. खालचा त्रिकोण लाल आहे एवढे मात्र मला दिसले. त्रास पोटात आणि छातीत, मग डॉक्टरांनी डोळा का पाहिला? हाच तो प्रश्न.

आपण हात उचलतो, चालतो, ते ऐच्छिक स्नायूंच्या बळावर. पण शरीरात आणखी दोन प्रकारचे स्नायू आहेत, ते आपल्याला विचारून काही करीत नाहीत. एक अरेखित स्नायू. आतडे, श्वासनलिका, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींत तो असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर आडवे पट्टे दिसत नाहीत, म्हणून हे नाव. दुसरा हृदयाचा स्नायू. त्यावर पट्टे आहेत, पण वागणूक स्वतंत्र.

आकुंचनाची मूळ रीत सगळीकडे सारखीच. ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. त्यांना चालना देते कॅल्शियम. आमचे राजूर कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांसाठी ओळखले जाते. त्या चुन्यातले मूलतत्त्व हेच. 1883 साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या ध्यानात आले की बेडकाचे हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात धडधडत राहते, पण शुद्ध केलेल्या पाण्यातल्या द्रावणात लवकरच थांबते. नळाच्या पाण्यातला चुन्याचा अंश हृदयाला चालवीत होता! मला तर हे वाचून भट्टीवरच्या पांढऱ्या धुळीकडेही जरा आदराने पाहावेसे वाटले.

फरक आहे तो पुढे. हृदयाच्या पेशीत बाहेरून थोडे कॅल्शियम शिरते, ते आतल्या साठ्यातले पुष्कळ कॅल्शियम मोकळे करते. मग ॲक्टिनच्या तंतूवरचे जणू कुलूप निघते आणि ठोका पडतो. लगेच कॅल्शियम परत आत ओढले जाते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय क्षणभर कोणतीही नवी आज्ञा ऐकत नाही. म्हणूनच पोटरीला पेटका येतो तसा हृदयाला येत नाही. मिनिटाला 72 ठोके धरले तरी दिवसाचे एक लाखाहून अधिक होतात. हे सारे वरून कोणी हुकूम न देता, कारण हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोका सुरू करणाऱ्या पेशी स्वतःच बसलेल्या आहेत.

अरेखित स्नायूचा स्वभाव संथ. त्यात कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, मग मायोसिन जागे होते. आकुंचन सावकाश येते, पण थोड्या शक्तीत बराच वेळ टिकते.

मज्जातंतू या दोघांना रासायनिक निरोप धाडतात. 1921 साली ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतवला. हृदय मंदावले. त्याभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. द्रवातला तो निरोप्या म्हणजे ॲसेटिलकोलीन. गंमत अशी, की हाच निरोप हृदयाला ‘हळू’ म्हणतो आणि आतड्याला, श्वासनलिकेला ‘आखड’ म्हणतो. निरोप एकच, पण तो घेणाऱ्या पेशीची आतली व्यवस्था निराळी.

निरोप पोचला की एक विकर त्याचा क्षणात चुरा करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके हे विकरच निकामी करतात. (त्या वर्षी फवारलेली सगळीच औषधे या गटातली नव्हती, हे सांगितले पाहिजे.) मग निरोप साचत जातो. श्वासनलिका आवळतात, आतडी पिळवटतात, लाळ-घाम थांबत नाही, नाडी मंदावू शकते. आणि बाहुली लहान करणारा कंकणासारखा स्नायू, तोही अरेखितच! श्वासनलिकेत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. डोळ्यात मात्र त्याच जातीचा स्नायू उघड्यावर ठेवलेला आहे. डॉक्टरांनी तोच पाहिला.

मग त्यांनी ॲट्रोपीनची सुई दिली, थोड्या थोड्या वेळाने पुनःपुन्हा, छाती कोरडी होऊन नाडी वाढेपर्यंत. हे द्रव्य धोतऱ्यातही असते. महाशिवरात्रीला आपण वाहतो तोच धोतरा. पण म्हणून कोणी धोतरा खाऊ घालू नये, तोही विषच आहे. ॲट्रोपीन विकराला सोडवीत नाही. ते पेशीच्या दारात बसते आणि निरोप आत जाऊ देत नाही. ऐच्छिक स्नायूंची दारे मात्र वेगळी, तिथे त्याचा उपयोग नाही. म्हणून काकांच्या पापण्या आणि पोटऱ्या नंतरही थरथरत होत्या, आणि श्वासाचे स्नायू थकतील म्हणून नर्सबाई रात्रभर येऊन पाहत होत्या.

त्या रात्री काका हवेत काहीतरी वेचू लागले, बडबडू लागले. आईला वाटले, बाहेरचे काही लागले. ती ॲट्रोपीनची गुंगी होती. घरी आले तेव्हा बाहुल्या उलट मोठ्या झालेल्या, उन्हाकडे बघवेना. दोन-तीन दिवस ते कडुनिंबाच्या सावलीत डोळ्यांवर दुपट्टा घेऊन बसून होते. बाहुली उजेडात पुन्हा आपली आपण लहान होऊ लागली, तेव्हा कुठे ते शेताकडे निघाले. आता बाटलीवरचे मी वाचून दाखवते, आणि वारा कुठून आहे ते काका पाहतात.