पश्चात्ताप, अनुताप आणि नम्रता : ख्रिस्ती साधनेतील अंतःकरणसिद्धतेची परिभाषा

ख्रिस्ती साधनेत पश्चात्ताप आणि नम्रता या दोन संज्ञा जोडीने येतात. ईश्वराच्या भेटीसाठी अंतःकरण सिद्ध करावयाचे, तर ते या दोहोंच्या योगे, अशी या परंपरेची धारणा आहे. मराठीत या संज्ञांचे आकलन करून घेताना मात्र दोन अडचणी उद्भवतात. ‘पश्चात्ताप’ म्हणजे झाल्या गोष्टीची हळहळ, हा लौकिक अर्थ आड येतो, ही पहिली. ख्रिस्ती आत्मकथनांतील पश्चात्तापाचा अनुभव धर्मांतराच्या घटनेतच जमा केला जातो, ही दुसरी. या दोन्ही अडचणींचे मूळ परिभाषेत आहे. म्हणून प्रथम शब्दांचा प्रवास पाहून नंतर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे वळणे इष्ट ठरेल.

१. शब्दांचा प्रवास

हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीत ‘शूव’ हे क्रियापद पुनःपुन्हा येते. त्याचा अर्थ ‘मागे फिरणे, परतणे’ असा आहे. वाट चुकलेल्याने पुन्हा घराची दिशा धरावी, ही त्यामागील प्रतिमा होय. शोक व्यक्त करताना वस्त्रे फाडण्याची रूढी त्या समाजात होती. योएल संदेष्टा वस्त्रांऐवजी हृदय विदीर्ण करावयास सांगतो. नव्या करारातील ग्रीक ‘मेटानोइया’ या शब्दात मन किंवा बुद्धी पालटण्याचा अर्थ आहे. हिब्रूत दिशा बदलते, ग्रीकमध्ये दृष्टी बदलते. दोन्हीकडे भर पुढच्या वाटचालीवर आहे.

लॅटिनमध्ये येताना या अर्थाला निराळे वळण लागले. ‘पेनितेन्शिया’ या शब्दात खेदही आहे आणि त्या खेदापोटी करावयाचे प्रायश्चित्तही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापांगीकार करणे बंधनकारक केले, आणि हा शब्द संस्काराच्या शिस्तीशी अधिकच निगडित झाला. इरॅस्मसने १५१६ मध्ये नव्या कराराचा ग्रीक पाठ छापून प्रसिद्ध केल्यावर मूळ शब्दाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या पंचाण्णव प्रमेयांतील पहिल्याच प्रमेयात श्रद्धावंताचे अवघे जीवन पश्चात्तापाचे असावे, असे प्रतिपादन केले. तथापि कॅथलिक परंपरेने केवळ बाह्य कृतीवर भर दिला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये पापांगीकार आणि भरपाई यांच्या आधी अंतःकरणातील खेदाला स्थान दिले, आणि पुन्हा पाप न करण्याचा संकल्प त्या खेदातच अंतर्भूत मानला.

मराठी शब्दांची घडण याहून वेगळी आहे. ‘पश्चात्’ आणि ‘ताप’ मिळून पश्चात्ताप. ‘अनु’ आणि ‘ताप’ मिळून अनुताप. दोन्हींत नंतरचे पोळणे आहे. ‘प्रायश्चित्त’ हा धर्मशास्त्रातील शब्द शुद्धीसाठी करावयाच्या विहित कर्माचा आहे. म्हणजे मराठीजवळ भावना सांगणारे शब्द आहेत, कृती सांगणारा शब्द आहे. ‘परतणे’ मात्र यांपैकी कोणत्याही शब्दात थेट सामावलेले नाही. मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाल्यामुळे ही उणीव संदर्भाने भरून काढावी लागते.

२. अंतःकरण आणि नम्रता

एका बाबतीत मात्र मराठी शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. हिब्रू ‘लेव’ म्हणजे हृदय. परंतु ते केवळ भावनांचे स्थान नव्हे. विचार, निश्चय आणि इच्छा यांचेही ते केंद्र आहे. वेदान्तातील ‘अंतःकरण’ या संज्ञेत मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार या चारांचा समावेश होतो. त्यामुळे ‘अंतःकरणाची सिद्धता’ म्हटले, की अहंकाराचा प्रश्न ओघानेच येतो, आणि नम्रतेचा पश्चात्तापाशी असलेला संबंध स्पष्ट होतो.

लॅटिन ‘ह्युमिलितास’ या शब्दाचे नाते मातीशी आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर किंवा मस्तकावर राख लावून माणसाला त्याच्या मातीपणाचे स्मरण दिले जाते. संस्कृत ‘नम्र’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वाकणे या धातूपासून आला आहे. एकीकडे आपण कशाचे घडलो आहोत याची जाणीव, तर दुसरीकडे कोणापुढे तरी वाकण्याची क्रिया. ख्रिस्ती नम्रतेला दोन्हींची गरज असते.

लूककृत शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दृष्टान्त या संदर्भात उद्बोधक आहे. परूशी आपल्या उपवासांची आणि दानाची यादी सांगतो. ती खोटी आहे, असे दृष्टान्त कोठेही सुचवत नाही. तिच्यामुळे त्याच्या अंतःकरणात दयेला जागा उरत नाही, हा खरा दोष आहे. त्याच शुभवर्तमानातील उधळ्या पुत्र क्षमायाचनेचे शब्द मनाशी जुळवून घराकडे निघतो. ते उच्चारले जाण्यापूर्वीच पिता धावत जाऊन त्याला मिठी मारतो. तेव्हा पश्चात्ताप हे क्षमेचे मूल्य ठरत नाही. अंतःकरण सिद्ध करणे म्हणजे पुण्य साठविणे नव्हे, तर मिळणारे दान स्वीकारण्याआड येणारा अडसर दूर करणे होय.

३. मराठी ख्रिस्ती वाङ्मय

१६१६ मध्ये राशोल येथे छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने बायबलमधील कथा ओवीत आणली. पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाचा आश्रय घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. तुकारामांच्या अभंगांतील स्वतःचे दोष उघड करण्याची रीत आणि शरणागती त्यांना ख्रिस्तभक्तीसाठी सिद्ध भाषा म्हणून लाभली. भाषा एक असली, तरी आशय सर्वस्वी एक मानता येत नाही. वारकरी अनुतापामागे पूर्वकर्माचे भान आणि नामाचा आधार आहे. ख्रिस्ती पश्चात्तापामागे क्रूसावर घडलेल्या क्षमेची श्रद्धा आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो अंतरीचा पालट काही वर्षांनी घडला. येथे धर्मांतर आणि पश्चात्ताप या दोन स्वतंत्र घटना ठरतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. १९०० मधील बाप्तिस्म्यापूर्वीच, जातिभेद ईश्वराने निर्मिला की माणसाने, या विचाराने त्यांचे मन पालटले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. ‘स्मृतिचित्रे’तील या प्रसंगात अश्रूंना महत्त्व नाही, दृष्टी बदलते आणि लागलीच आचार बदलतो. ज्या श्रेष्ठत्वावर अहंकार उभा होता, तेच येथे खाली ठेवले जाते. ‘मेटानोइया’चे इतके नेमके मराठी चित्रण विरळाच आढळेल.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने यातून एक पथ्य निघते. इंग्रजीतील ‘कन्व्हर्जन’ या एका शब्दात धर्म बदलणे आणि अंतःकरण पालटणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत ‘धर्मांतर’ आणि ‘हृदयपालट’ असे दोन शब्द उपलब्ध आहेत. तरीही अभ्यासक पहिल्याचाच वापर करीत राहिले, तर ही आत्मकथने केवळ समाज सोडल्याच्या नोंदी वाटू लागतात. ‘अनुताप’ आणि ‘मेटानोइया’ यांचे घाईने समीकरण मांडल्यास दोन्ही परंपरांचे वेगळेपण लोपते. त्याऐवजी पश्चात्ताप, नम्रता, शरणागती आणि आचारपालट हा शब्दसमूह एकत्र वाचला, तर मराठी शब्दात थेट न आलेले ‘परतणे’ मराठी लेखकांनी कोठे आणि कसे व्यक्त केले, हे दाखविता येते.