कन्हार माती आणि चिखलाचे टायर

बैहर तहसिलीतील मुक्की दरवाजाने कान्ह्याच्या अरण्यात शिरताना सखल भागात जी चिकणमाती लागते, तिला या मुलुखात कन्हार म्हणतात, आणि अरण्याचे नावही तिच्यावरूनच पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. पावसाळ्यात ही माती साध्या टायरच्या खाचांत अशी गच्च बसते की चाक गुळगुळीत होऊन जागीच गरगरते. मग चारही चाकांना पोचणारी इंजिनाची शक्ती व्यर्थ जाते. चिखलाच्या टायरचे ठोकळे मोठे व त्यांमधील अंतर प्रशस्त असल्याने फिरता फिरताच चिखल बाहेर फेकला जातो, हाच त्याचा खरा गुण.

१ जुलै ते ३० सप्टेंबर अरण्य पर्यटकांस बंद असते. म्हणून या टायरांची निकड सफारीच्या जिप्सीपेक्षा धानाच्या बांध्यांकडे जाणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीस अधिक. डांबरी रस्त्यावर ते घोंघावतात, इंधन जास्त खातात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड उणी पडते, ही मालकांची सार्वत्रिक तक्रार मला रास्त वाटते. ज्याची गाडी बहुतांशी डांबरावरच धावते, त्याने हा खर्च करू नये.

‘एम+एस’ हे चिन्ह अनेक साध्या टायरांवरही असते. तो चिखलाच्या टायरचा दाखला नव्हे, ‘एम/टी’ ही अक्षरे पाहावीत. चिखलात हवा कमी केल्यास टायर पसरून पकड वाढते. परंतु पक्क्या रस्त्यावर येताच ती पूर्ववत भरावी, अन्यथा टायर तापून फुटण्याचे भय असते.