मालकाच्याच वाहिनीवर

लॉस एंजेलिस : अमेरिकेतली सर्वांत जहाल राजकीय टीका सध्या कागदी कात्रणांसारखी दिसणारी चार शाळकरी पोरं करतात. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांची ‘साउथ पार्क’ ही कार्टून मालिका १९९७ पासून कॉमेडी सेंट्रलवर चालू आहे. भाषा शिवराळ, मुलांना दाखवण्याजोगी मुळीच नाही. एक भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे विषय कधी शिळा होत नाही. २००८ साली ओबामा निवडून आले, त्याच्या दुसऱ्याच रात्री त्यांच्या विजयावरचा भाग प्रसारित झाला होता.

२३ जुलै २०२५ चा भाग मात्र त्याहून धाडसी. वाहिनीची मालक पॅरामाउंट. तिच्याच सीबीएसने एका मुलाखतीचं संपादन कसं केलं, यावरून ट्रम्प यांनी दावा लावला होता. कंपनीने १ कोटी ६० लाख डॉलर मोजून तो मिटवला. स्कायडान्स या कंपनीबरोबरच्या विलीनीकरणाला तेव्हा सरकारची मंजुरी मिळायची होती. या तडजोडीला लाच म्हणणारे विनोदकार स्टीफन कोलबेअर यांचा सीबीएसवरचाच कार्यक्रम बंद करण्याची घोषणाही त्याच महिन्यात झाली. कारण निव्वळ आर्थिक, असं कंपनीने सांगितलं.

त्या भागात ट्रम्प साउथ पार्क गावावरच दावा लावतात. चिडलेल्या गावकऱ्यांत येशू ख्रिस्त येतो आणि पाव वाटता वाटता दबक्या आवाजात विनवतो : मिटवून टाका, सीबीएसचं काय झालं ते पाहिलंत ना? ट्रम्प यांची नग्नता आणि सैतानाशी शेज यांचीच चर्चा जास्त झाली. मला ते विनोद ढोबळ वाटले. बड्या संस्था भीतीने कशा वाकतात, ते खरं कळतं या कुजबुजीत. गाव अखेर ३५ लाख डॉलर देऊन सुटतं. मालिका कधीच कालबाह्य झाली आहे, असं व्हाइट हाउसने ऐकवलं. भाग प्रसारित झाल्याच्या दुसऱ्या दिवशी विलीनीकरणाला मंजुरी मिळाली.

सार्वजनिक व्यक्तीच्या विडंबनाला इथे कायद्याचा भक्कम आधार आहे. ‘हसलर’ मासिकाने धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची अत्यंत हीन टवाळी केली, तेव्हा १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. पण मालकच घाबरला, तर हा निकाल कुणाच्या उपयोगाचा? पार्कर आणि स्टोन यांच्या हाती त्याच आठवड्यात पॅरामाउंटशी झालेला पाच वर्षांचा, सुमारे दीड अब्ज डॉलरचा करार होता. नव्या विनोदकाराजवळ तसं काही नसतं.