सेल फुटला नाही, मग जखम कशी झाली?

मध्यंतरी आमच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षांच्या एका मुलाला आणले. सकाळपासून त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, घास गिळवत नव्हता. आईला वाटले, दाढा येत असतील. एक्स-रेमध्ये अन्ननलिकेत नाण्यासारखी गोल सावली दिसली. पण तिच्या कडेला दुहेरी वलय होते. ते नाणे नव्हते, रिमोटमधला चपटा बटण सेल होता. लगेच दुर्बिणीतून तो काढला. सेल अखंड होता, पण आतले अस्तर काळे पडले होते.

सोबत आलेल्या दहावीतल्या चुलत बहिणीने विचारले, ‘‘डॉक्टर, सेल फुटला नाही, मग जखम कशी झाली?’’ उत्तर तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकात होते.

भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात दोन ग्रॅफाइटच्या कांड्या बुडवून त्या बॅटरीला जोडल्या की बुडबुडे येऊ लागतात. हेच विद्युत अपघटन. धनाग्रापाशी क्लोरिन वायू निघतो. तो विषारी असल्याने हा प्रयोग शिक्षकांसमोर, मोकळ्या हवेतच करावा. ऋणाग्रापाशी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघून जातो आणि सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो. तिथे हळद टाकली तर ती लाल होते. तुंबलेले पाइप मोकळे करायला वापरतात, तोच हा दाहक पदार्थ.

आता ग्लासाऐवजी अन्ननलिका डोळ्यांसमोर आणा. लाळ आणि शरीरातले द्रव खारटच असतात. सेलच्या दोन बाजू ही दोन अग्रे. ओले अस्तर दोन्हींना चिकटले की मंडल पूर्ण होते. लिथियम सेलचे ३ व्होल्ट पाण्याच्या विघटनाला पुरतात. ऋण बाजूला अल्कली साचत जाते आणि दोन तासांतच खोल जखम होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला छिद्र पडू शकते. शेजारच्या महाधमनीपर्यंत इजा पोहोचली तर जीवही जातो. रिमोट चालत नाही म्हणून काढून टाकलेल्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी शक्ती उरलेली असते.

म्हणून शंका आली तरी वाट पाहू नका. अचानक लाळ गळणे, गिळता न येणे, खोकला, छातीत दुखणे ही लक्षणे असतात. कधी काहीच नसते. १०८ ला फोन करा किंवा एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय थेट गाठा. उलटी करवू नका, केळे-भात खाऊ घालून सेल खाली ढकलू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे इजा मंदावते. पण तो उपचार नव्हे, त्यासाठी थांबू नये. नाकात किंवा कानात सेल गेला तरी हेच घडते. तिथे कोणतेही थेंब घालू नका.

सेल काढल्यावरही जखम काही दिवस वाढू शकते, म्हणून या मुलाला आम्ही पुढे अनेकदा बोलावले. आता तो नीट जेवतो.

आज घरी गेल्यावर एवढे करा : रिमोट, वजनकाटा, दिवे लागणारी खेळणी उलटी करून पाहा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल, तर घट्ट चिकटपट्टी लावा. जुना सेलही मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.